आधी पाण्याची वाट, मग पायांची, आणि झाडं शेवटी

पत्र

मुलुंड पूर्वेला आमचं सासऱ्यांच्या काळातलं बैठं घर आहे. गेल्या वर्षी घराची मोठी दुरुस्ती काढली. मागे पत्र्याची जुनी खोली होती, ती पाडली. आता तिथे ३० फूट लांब आणि १८ फूट रुंद अशी उघडीबोडकी जागा आहे. मागचं दार उत्तरेला उघडतं. पश्चिमेकडून शेजाऱ्यांचा आंबा आमच्या बाजूला झुकला आहे. ईशान्येचा कोपरा सखल आहे, पावसात तिथे दोन-तीन दिवस पाणी साचून राहतं. काँट्रॅक्टरनं पाडकामाचं राबिट, म्हणजे विटा-सिमेंटचा ढिगारा, तिथेच पसरलं आणि वर लाल मातीचा पातळ थर टाकला, हे आम्हाला नंतर कळलं. यजमानांना लॉन हवं आहे. मुलगा म्हणतो, सरळ पेव्हर ब्लॉक घाला, कटकट नको. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, वॉकर घेऊन चालतात. त्यांना तुळस हवी आणि पारिजातक हवा. आम्ही दोघं नोकरी करतो, माळी ठेवणं परवडणार नाही. मला रविवारचे दोन तास मिळतात, तेवढेच. नर्सरीवाल्यानं ४२ झाडांची यादी करून दिली आहे. पावसाच्या आत काय काय लावू?

उत्तर

ताई, ती ४२ झाडांची यादी बाजूला ठेवा. त्यातली झाडं वाईट आहेत म्हणून सांगत नाही. ४२ जाती म्हणजे ४२ स्वभाव. एकाला रोज पाणी हवं, दुसरं रोजच्या पाण्यानं कुजतं, तिसऱ्याला दर महिन्याला कात्री लागते. दोन तासांत तुम्ही कोणाकोणाचं बघणार? गोरेगावला तळमजल्यावर राहायला आलो तेव्हा मी हीच चूक केली होती. मे महिन्यात एका दिवसात ३० रोपं आणली, हौसेनं लावली. दिवाळीला त्यातली अकरा उरली होती, आणि पावसाळाभर मी खड्ड्यातलं पाणी मगानं उपसत होते. रोपं मेल्याचं वाईट वाटलंच, पण जास्त वाईट याचं वाटलं की जागा एकदा नीट बघितली असती तर त्यातली निम्मी मी विकतच घेतली नसती.

म्हणून तुमच्या प्रश्नाचा क्रम मी बदलते. पाणी कुठून जाणार, माणसं कुठून चालणार, बसायचं कुठे, हे आधी. ते ठरलं की झाडांना किती आणि कसली जागा उरते ते आपोआप दिसतं.

मुंबईच्या बागेला वर्षात दोन परीक्षा द्याव्या लागतात. जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्यानंतर आठ महिने जवळपास थेंब नाही. पावसात मुळं कुजू नयेत आणि एप्रिल-मेमध्ये पालिकेनं पाणीकपात लावली तरी झाड उभं राहावं, ही दोन्ही कामं ज्याला जमतात तेच झाड कमी कष्टाचं. नर्सरीत सावलीच्या जाळीखाली टवटवीत दिसणाऱ्या बऱ्याच रोपांना यातलं एकच जमतं.

पाण्याचा हिशोब एकदा डोळ्यांपुढे आणा. तुमची जागा ५४० चौरस फूट. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि असे दिवस दर पावसाळ्यात येतात, तर एवढ्याशा जागेवर सुमारे पाच हजार लिटर पाणी पडतं. छपराच्या पागोळ्यांचं त्याखेरीज. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला होता. त्या हिशोबानं तुमच्या मागच्या दारी ४७ हजार लिटर झालं असतं, म्हणजे दहा हजारांचे जवळजवळ पाच टँकर. या पाण्याला तुम्ही वाट दिली नाहीत तर ते आपली वाट शोधतं, आणि ती बहुतेक वेळा तुमच्या भिंतीतून जाते. दुरुस्तीवर नुकताच खर्च केला आहे, तेव्हा हे पहिलं करा.

जमिनीचा उतार घराकडून कुंपणाच्या भिंतीकडे हवा, दर चार फुटांना एक इंच. १८ फुटांत साडेचार इंच झाला. डोळ्याला तो जाणवतही नाही, पाण्याला मात्र पुरतो. गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी असते, तिनं दहा मिनिटांत मापून होतं. ‘अंदाजानं देतो’ म्हणाला तर ऐकू नका. उताराचा शेवट ईशान्येच्या सखल कोपऱ्यात ठेवा आणि तिथून पाणी पावसाळी गटारात काढा. सांडपाण्याच्या चेंबरला जोडू नका. मोठ्या पावसात चेंबर तुंबलं की तेच पाणी उलटं तुमच्या अंगणात येईल. बाहेर जाणाऱ्या तोंडाला घट्ट जाळी बसवा, नाहीतर त्या वाटेनं उंदीर-घुशी येतात. मुंबईच्या पावसात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती खरी आहे. चिखलात हात घालायचे तर हातमोजे आणि गमबूट घालूनच घाला, हाताला कापलेलं असेल तर घालूच नका.

घराच्या भिंतीला लागून दोन फुटांचा पट्टा मोकळा सोडा. तिथे एकही झाड नाही, मातीचा ढीग नाही, फक्त खडी. माती जोत्याच्या वर चढली की ओल आत येते, वाळवी येते, आणि झाडोऱ्यामुळे ती दिसतही नाही. हा पट्टा रिकामा दिसेल, कोणीतरी म्हणेल इथे कुंड्या ठेवा. ठेवू नका.

आता ते राबिट. तुमचा राग मला समजतो, पण सगळं खणून काढायची गरज नाही. जिथे वाट आणि बसायची जागा येणार तिथे राबिट राहू द्या, चोपून घ्या. फरशीखाली नाहीतरी दगडविटांचा थर लागतोच. फक्त जिथे झाडं येणार तिथलं दीड फूट खणून काढा, आणि पारिजातकासाठी तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल असा खड्डा घ्या. वाळलेल्या सिमेंटचे गठ्ठे, प्लास्टरचे पापुद्रे, टाइल्सचे तुकडे सगळं बाहेर. पालिकेची राबिट उचलण्याची सेवा आहे, वॉर्ड ऑफिसात चौकशी करा. राबिट रात्रीत नाल्यात टाकून येणारा टेम्पोवाला स्वस्त पडतो, त्याला बोलावू नका. मुलुंडचा नाला तुंबला तर पाणी मुलुंडकरांच्याच घरात शिरणार.

मातीत चुना-सिमेंट किती मिसळलं आहे ते घरीच कळतं. वाफ्याच्या जागची मूठभर माती वाटीत घ्या, वर थोडं व्हिनेगर ओता. फसफसली तर चुना आहे. अशा मातीत जास्वंद, अनंत यांची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि माणूस खतावर खत घालत बसतो. ती माती बदलणं हाच उपाय. दुसरी चाचणी निचऱ्याची. एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती खाली गेलं ते पट्टीनं मोजा. इंचभरही गेलं नाही तर तिथे वाफा जमिनीपेक्षा सहा-आठ इंच उंच करावा लागेल. राबिटावर काही उगवेल का, ही शंका मनातून काढून टाका. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ज्या ३७ एकरांवर उभं आहे तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत. आज तिथे आत गेलं की धारावी शेजारी आहे हे विसरायला होतं. सासूबाईंना सोबत कोणी असेल त्या दिवशी दोघं एकदा जाऊन या.

ऊन तुम्ही आत्ता बघताय ते फसवं आहे. मेच्या मध्याला मुंबईत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि तुमची सगळी जागा उन्हात न्हाते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो. तुमचं घर दक्षिणेला आहे. छपराची कड १२ फुटांवर धरली तर डिसेंबरात ऐन दुपारी सावली ११ फूट मागे येते. म्हणजे १८ फुटांतली घराकडची ११ फुटं हिवाळ्यात सावलीत, आणि भिंतीकडची सातच फुटं उन्हात. तुमच्या बागेचा नकाशा या एका आकड्यावर बसतो. ऊन मागणारं सगळं भिंतीकडे, सावलीत भागणारं घराकडे.

आता कागदावर आखून बघा. दारासमोर १० फूट बाय ८ फुटांचा फरशीचा चौक. त्यातून सरळ पुढे तीन फूट रुंद वाट, आणि ती भिंतीच्या वाफ्यापुढून जाणाऱ्या तीन फुटी आडव्या वाटेला मिळते. भिंतीला लागून चार फुटांचा वाफा, लांबीभर. आठ, तीन, तीन आणि चार मिळून अठरा. चौकाच्या दोन्ही अंगांना दहा-दहा फुटांचे दोन तुकडे उरतात, ते हिवाळ्यातल्या सावलीचे. झालं. आडवी वाट जास्तीची वाटेल, पण तिच्यामुळेच तुम्ही पावसात मातीत पाय न घालता सगळ्या वाफ्यापर्यंत पोचाल. पायानं तुडवलेली माती दगडासारखी होते आणि मग पाणी वरच राहतं.

वाटेवर मी थोडी जास्त थांबते, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात लागून राहिलेलं वाक्य वॉकरचं आहे. सासूबाई दारात बसून तुळशीला लांबून हात जोडणार की स्वतः जाऊन पाणी घालणार, हे फरशी कशी बसते त्यावर ठरेल. गुळगुळीत कोटा किंवा चकचकीत टाइल घालू नका. शहाबादी फरशी घ्या, पॉलिश न केलेली, खडबडीत बाजू वर. दारापासून तुळशीपर्यंत सांधे अर्ध्या इंचाच्या आत ठेवा आणि रेतीनं काठोकाठ भरा, वॉकरचा पाय सांध्यात अडकता कामा नये. आडव्या वाटेवर सांधे दोन इंचांचे चालतील, तिथून पाणी जिरेल. दाराला पायरी असेल तर तिच्या जागी उतार करून घ्या. एक इंच उंचीला एक फूट लांबी धरा, सहा इंचांची पायरी असेल तर सहा फुटांचा उतार. एका बाजूला लोखंडी कठडा. जुलैत फरशीवर शेवाळ धरतं, ते काथ्याच्या ब्रशनं पंधरा दिवसांनी घासावं लागेल. ती पंधरा मिनिटं चुकवू नका. बाकी बागेतलं एखादं काम राहिलं तर झाड रुसतं. हे राहिलं तर माणूस पडतं.

तुळस या वाटेच्या टोकाला, दारातून सरळ दिसेल अशी. ती जागा घरापासून १४ फुटांवर येते, म्हणजे हिवाळ्यातही उन्हात. तुळस मरते ती बहुतेक दोन कारणांनी, पावसात मुळाशी पाणी साचून आणि हिवाळ्यात उन्हाविना. वृंदावनाला खाली पाणी जायचं भोक आहे ना, ते बांधतानाच बघा, पुष्कळदा गवंडी ते बुजवून टाकतात. मंजिऱ्या वाळायच्या आत खुडत राहिलं की रोप जास्त टिकतं, आणि हे काम सासूबाई उभ्या उभ्या करू शकतात. चौकाचाही त्यांना उपयोग आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे घराची सावली फारशी येत नाही, तेव्हा पापड-कुरडयांचं वाळवण खुशाल घाला.

यजमानांच्या लॉनबद्दल स्पष्टच सांगते, नको. निम्म्या जागेत हिवाळाभर ऊन नाही, तिथे लॉनला टक्कल पडेल. पावसात ते आठवड्याला कापावं लागेल, आणि मेमध्ये पाणीकपातीत पिवळं पडेल. तुमचे दोन तास एकट्या लॉनलाच जातील. प्लॅस्टिकचं लॉन तर मुळीच नको, ते उन्हात तापतं आणि पावसात खाली पाणी धरून ठेवतं. त्यांना पायाखाली हिरवळ हवीच असेल तर तुळशीभोवती, वाफ्यातल्या पाच फूट बाय चार फुटांत हराळी लावा. हराळी म्हणजे आपल्या दूर्वाच. ऊन असलं की पुरे, वाळली तरी पहिल्या पावसाला उठते. गणपतीत २१ दूर्वांच्या जुड्या घरच्या निघतील. फक्त तिच्या चारी बाजूंनी फरशीचे तुकडे सहा इंच खोल उभे गाडा, नाहीतर ती वाफ्यात पसरेल. मुलालाही सांगा की त्याचं म्हणणं थोडं मान्य झालं आहे, एक तृतीयांश जागेवर फरशी येतेच आहे. उरलेली जागाही झाकली तर हे पाच हजार लिटर पाणी जिरायला जागाच राहणार नाही, आणि मेमध्ये मागचं दार उघडलं की भट्टीसारखी झळ घरात येईल.

आता झाडं. माझ्या हिशोबानं तुमच्या जागेत बारा जाती पुरतात.

पारिजातक पूर्वेच्या तुकड्यात, चौकाच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ लावा. हे एकच झाड, दुसरं नको. डोक्यावर शेजाऱ्यांचा आंबा आहेच. पारिजातकाला पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून खड्डा भरताना माती जमिनीच्या वर वीतभर उंच येऊ द्या. संध्याकाळी फुलं उमलतात आणि पहाटे गळतात. ती फरशीवर पडावीत अशीच जागा मी सांगते आहे, मातीत पडली की डागाळतात. सासूबाईंना वाकता येत नसेल तर आम्ही करायचो तसं करा. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा रात्री चार फांद्यांना झोळीसारखा बांधून ठेवायचा, कमरेच्या उंचीवर. सकाळी केशरी देठांची फुलं झोळीत गोळा झालेली असतात. पान सँडपेपरसारखं खरखरीत असतं, उन्हाळ्यात झाड विरळ आणि मरगळलेलं दिसतं. तेव्हा मेलं समजून जास्त पाणी घालू नका. बहर सरला की फांद्या एक तृतीयांश छाटा, म्हणजे झाड हाताच्या उंचीत राहील.

भिंतीच्या वाफ्यात पश्चिमेकडून कुंतीचं एक, तगरीची दोन, मग तुळस आणि दूर्वा, मग जास्वंदीची दोन. चार-चार फुटांवर. रोपं लहान असताना मध्ये मोकळं मोकळं वाटेल, हात शिवशिवतील, पण तिसऱ्या पावसाळ्यात ती एकमेकांना टेकतात. दाट लावलं की पुढची दहा वर्षं तुम्ही छाटत बसता. कुंतीला थोडी सावली चालते आणि पावसाची सर येऊन गेली की पांढऱ्या फुलांनी भरते, वास दारापर्यंत येतो. तगर एकेरी घ्या, देवाला रोज फुलं मिळतील. कधी तिची पानं रातोरात खाल्लेली दिसतील. शोधलंत तर बोटाएवढी हिरवी अळी सापडेल, मानेजवळ दोन निळे डोळे रंगवल्यासारखे. औषध मारू नका. ती पतंगाची अळी आहे, आठवडाभर खाते आणि जाते, तगर पुन्हा फुटते. जास्वंद मात्र गावठी लाल, पाच पाकळ्यांची. नर्सरीतल्या रंगीबेरंगी मोठ्या फुलांच्या जास्वंदींवर कापसासारखा पिठ्या ढेकूण हमखास बसतो. गावठीवरही येतो, पण पाण्याच्या जोरदार धारेनं धुतलं की आटोक्यात राहतो. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की शेंडे तपासा, पिठ्याला त्याच सांभाळतात.

ईशान्येच्या सखल कोपऱ्याशी भांडू नका. गटाराची वाट केल्यावरही तिथे ओल राहणारच. तिथे कर्दळ आणि वडीचं अळू. ज्यांच्या घरचं अळू तुम्ही खाल्लं आहे आणि घसा खवखवला नाही, त्यांच्याकडूनच कंद आणा, विकतच्या कंदाचा भरवसा नाही. भाज्या आणि तांदूळ धुतलेलं पाणी उन्हाळ्यात तिथे ओता, तेवढ्यावर अळू तगतं. केळ लावा असं सगळे सांगतील. लावू नका, घड काढला की बुंधा तोडणं आणि पिल्लं काढणं हे काम तुमच्या रविवारात बसत नाही.

घराकडच्या सावलीत पूर्वेला हळद आणि स्पायडर लिली. हळद जूनमध्ये कंद पुरा आणि विसरा. नागपंचमीपर्यंत पातोळ्यांना पानं मिळतात, हिवाळ्यात पानं वाळली की कंद काढा, चार परत लावा. लिलीला वर्षातून एकदा वाळकी पानं ओढून काढण्यापलीकडे काही लागत नाही. त्याच तुकड्यात आडव्या वाटेजवळ कढीपत्ता. त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर पुसायच्या आधी नीट बघा. ती बहुतेक मॉर्मन फुलपाखराची छोटी अळी असते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. फोडणीपुरतं आपल्याला, उरलेलं तिला. बुंध्याभोवती फुटणारे धुमारे तेवढे वेळेवर उपटा.

आंब्याखालच्या पश्चिमेच्या तुकड्यात फारसं काही उगवणार नाही. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा गळतो, खालची पानं काळी पडतात. तिथे नेचे लावा आणि बाकी जमीन आंब्याच्या पानांनी झाकलेली राहू द्या. कोपऱ्यात जाळीचं तीन फुटी पिंप उभं करा, झाडलेला सगळा पाला त्यात जाऊ द्या. आंब्याचं पान जाड असतं, लवकर कुजत नाही, अधूनमधून पाणी शिंपडावं लागेल. शेतीचे प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं मुंबईतल्या गच्च्यांवर अशाच पाल्यापाचोळ्यातून माती तयार करायला लोकांना शिकवलं. तुम्हाला तर पाला फुकट आणि घरपोच मिळतो आहे. शेजाऱ्यांच्या आंब्याच्या फांद्या मात्र परस्पर तोडू नका. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार खासगी आवारातल्या झाडालाही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. यादीतला गुलमोहर खोडून टाकायला हेही एक कारण. तो १० वर्षांत छपरावर येईल, वादळात फांदी टाकेल, आणि तुम्ही परवानगीच्या अर्जामागे धावाल. शिवाय त्याची बारीक पानं फरशीच्या सांध्यात आणि गटाराच्या जाळीत जाऊन बसतात, झाडूला येत नाहीत.

यादीत वेडेलिया आणि पिवळा दुरांटा असणारच. ‘मेंटेनन्स नाही’ म्हणून ते खपवले जातात. वेडेलिया सगळ्या वाफ्यावर पसरून बाकीच्यांचा जीव घेते, दुरांटा महिन्याला कात्री मागतो. शेवगा, पपई, नारळ हेही नकोत. पहिली दोन वाऱ्यापावसात मोडतात, आणि ज्या वाटेवर म्हातारं माणूस चालतं तिथे नारळ डोक्यावर नको.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट झाडं नसतात, तण असतं, आणि त्यातही लव्हाळा. वरून गवतासारखा दिसतो. उपटला की पात हातात येते आणि गाठ खाली राहते, एका गाठीमागे दुसरी, माळेसारखी. वर आलेल्या एकेका पातीमागे खुरपं खोल घालून पावसाच्या आत गाठी काढा. याच दोन-तीन रविवारांचं काम मी तुम्हाला कष्टाचं सांगते आहे. विकतच्या मातीतून आणि कच्च्या शेणखतातून तो परत येतो, म्हणून पोत्यातली माती आधी कागदावर पसरून बघा, काळ्या गाठी दिसल्या तर परत करा. मग वाफ्यावर तीन इंच पाल्याचा थर, बुंध्यापासून चार बोटं लांब. तो थर कायम राहिला तर तण कमी येतं आणि उन्हाळ्यात पाणी निम्म्यानं पुरतं. पहिल्या वर्षी डिसेंबरपासून पावसापर्यंत आठवड्यातून दोनदा सावकाश, खोलवर पाणी द्या. रोज वरवर शिंपडलेल्या पाण्यानं मुळं वरच राहतात आणि चार दिवस गावाला गेलात की झाड मान टाकतं. कुंड्या आणि बशा ठेवूच नका. साचलेल्या पाण्यात डासाची अंडी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडतात.

तेव्हा पावसाच्या आत काय लावायचं, तर काही नाही. मृगापर्यंत उतार, गटाराची वाट, फरशी आणि लव्हाळा एवढंच करा. माती भरून ठेवा, पाला पसरून ठेवा. पहिला मोठा पाऊस लागेल तेव्हा छत्री घेऊन चौकात उभ्या राहा आणि पाणी कुठून जातं, कुठे घुटमळतं ते बघा. जिथे थांबेल तिथे काठी रोवा. सासूबाई दारातून सांगतीलच, त्या जागेला त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलं आहे. काठ्या कुठे कुठे आल्या ते कागदावर आखून मला पाठवा. आर्द्रा लागल्या की पहिला खड्डा पारिजातकाचा घेऊ.